मर्सिनचा संशय, आयएनआरचा आकडा: विजया तेल घेणाऱ्या एका रुग्णाचं प्रकरण

नाशिकरोडच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्या ओपीडीत सगळे त्यांना काकू म्हणतात, इथेही तेच म्हणते. मी वेदनाशमन विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. रुग्णाने आणलेली औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायची, कोणतं औषध कशासाठी आहे आणि कशाबरोबर जमत नाही ते बघायचं, हे माझं रोजचं काम.

या पिशव्यांत आता विजयेच्या, म्हणजे भांगेच्या, तेलाच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. बाटलीबरोबर बहुतेक वेळा मोबाइलमध्ये साठवलेलं एक रंगीत चित्रही येतं. त्यात लिंबू, लव्हेंडर, पाइन, आंबा, मिरी अशी चित्रं असतात आणि प्रत्येकासमोर गुण लिहिलेला असतो: हे झोपेसाठी, हे मन शांत करण्यासाठी, हे सुजेवर. टर्पीन म्हणजे वनस्पतीतल्या सुगंधी घटकांचा हा तक्ता. काकूंच्या घरी तो सगळ्यांना पाठ होता. ज्या कारणांनी काकू पडल्या ती मात्र त्या तक्त्यात कुठेच नव्हती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

रुग्ण

वय ६१. स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली, त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलची केमोथेरपी. ती संपून काही महिने झाले होते. कर्करोग परतू नये म्हणून लेट्रोझोलची गोळी चालू. लहानपणी येऊन गेलेल्या र्‍हुमॅटिक तापामुळे हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली आणि ठोके अनियमित. त्यामुळे गुठळी होऊ नये म्हणून असेनोकुमारॉल, रोज संध्याकाळी २ मिलिग्रॅम. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर त्यांच्यासाठी २ ते ३ मध्ये राहायला हवा, आणि काकू शिस्तीच्या असल्यामुळे तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला होता. तपासणीच्या चिठ्ठ्या त्यांनी तारखेनुसार वहीत चिकटवून ठेवल्या होत्या.

त्यांची तक्रार पायांची. तळपायांची आग, मुंग्या, रात्री चादरीचा स्पर्शही नको. दिवसा उलट, फरशीवर पाऊल नीट टेकलंय की नाही ते कळायचं नाही. पॅक्लिटॅक्सेलने नसांना होणारी ही इजा आम्ही नेहमी बघतो. तिच्या वेदनेवर सर्वात बरा पुरावा ड्युलॉक्सेटिन या गोळीचा आहे, पण रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती रक्तस्रावाचा धोका वाढवते, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी तूर्त थांबायला सांगितलं होतं. रात्री नसांच्या वेदनेवरचं प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम एवढ्यावर भागवायचं चाललं होतं, आणि ते भागत नव्हतं.

आई रात्रभर बसून पाय चोळते आहे, हे बघत राहणं कुठल्याही मुलाला जमणार नाही. त्यांचा मुलगा अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने शोधाशोध केली, व्हिडिओ कॉलवर एका वैद्यांचा सल्ला घेतला, रीतसर चिठ्ठी मिळवली, आणि कुरिअरने तीस मिलीची बाटली आली. चिठ्ठीत रात्री जेवणानंतर पाच थेंब लिहिले होते. कॉलवर इतर औषधं विचारली तेव्हा त्याने ‘कॅन्सरची गोळी आणि हृदयाची गोळी’ असं सांगितलं. असेनोकुमारॉलचं नाव निघालं नाही.

पाच थेंबांनी अर्ध्या तासात काही वाटेना म्हणून त्याच रात्री आणखी चार दिले गेले. विजया पोटातून घेतली की असर जाणवायला एक ते दोन तास लागतात आणि तो त्यानंतरही चढत जातो, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. पुढच्या दिवसांत मात्रा वाढत सकाळी अर्धा मिली, रात्री अर्धा मिली इथवर गेली. कुठेतरी वाचून सूनबाईंनी ते चमचाभर कोमट तुपात कालवून द्यायला सुरुवात केली. मे महिना होता, म्हणून तेलाआधी वाटीभर आमरसही, कारण तक्त्यात मर्सिन या टर्पीनसमोर आंब्याचं चित्र होतं आणि आंब्याने असर वाढतो असं खाली लिहिलं होतं.

झोप लागू लागली. दुसऱ्या आठवड्यात काकू पहाटे बाथरूमला उठल्या, डोळ्यांसमोर अंधारी आली आणि दाराच्या चौकटीवर आपटल्या. दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं, ते दोन दिवस आधीपासूनच, पण त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. ओपीडीत आणलं तेव्हा आयएनआर ४.३ होता. डोक्याला मार लागल्याचं दिसत नव्हतं, तरी डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून घेतला. त्यात काही निघालं नाही.

मुलाचा पहिला प्रश्न मला अजून लख्ख आठवतो. “मॅडम, हे मर्सिनमुळे झालं का? त्याने गुंगी येते म्हणतात. मी लिमोनीनवालं घ्यायला हवं होतं का?”

तक्ता कोणाचा, बाटली कोणाची

त्याच्या प्रश्नात चूक अशी काही नव्हती. वाचलेल्या माहितीवरून त्याने नेमका तर्क केला होता. ती माहितीच दुसऱ्या कुठल्या तरी मालाची होती.

भांगेच्या झाडाला वास येतो तो मादी फुलांच्या तुऱ्यांवरच्या सूक्ष्म, चिकट, केसासारख्या ग्रंथींमुळे. त्याच ग्रंथींत टीएचसी (नशा आणणारा) आणि सीबीडी (नशा न आणणारा) हे मुख्य औषधी घटक तयार होतात आणि त्यांच्याच शेजारी टर्पीनही. दोघांच्या घडणीत काही कच्चा माल तर एकच असतो. या झाडात शंभराहून जास्त टर्पीन सापडले आहेत, पण ठळक असतात ते मोजकेच: मर्सिन, लिमोनीन, पाइनीन, लिनालूल, कॅरियोफिलीन, ह्युम्युलीन. यातलं एकही या झाडाची मक्तेदारी नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. धण्याच्या वासाचा मोठा भाग लिनालूल. काळी मिरी आणि लवंग यांत कॅरियोफिलीन. आपल्याकडे वाइनसाठी मस्कत जातीची द्राक्षं लावतात, त्यांच्या सुवासातही लिनालूल आणि जिरॅनिऑल असतं, हे इथल्या बागाईतदारांना सांगायला नको.

परदेशातले तक्ते वाळवलेल्या फुलांवरून बनवलेले असतात. तिथे रुग्ण फूल विकत घेतो आणि वाफेने ओढतो, म्हणून अमुक जातीत अमुक टर्पीन या बोलण्याला काही अर्थ असतो. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात फुलांचा तुरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, दोन्ही बंद. तुऱ्याशिवायची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. ती राज्यांच्या कायद्याखाली जातात, आणि आयुर्वेदिक औषधांत परवान्याने वापरता येतात. औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेची पानं आहेत. म्हणूनच अशा औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असा इशारा छापावा लागतो. काकूंच्या बाटलीवरही तो होता, बारीक अक्षरांत.

तर बाटलीतला अर्क पानांचा. पानांवर सुगंधी ग्रंथी फुलांच्या मानाने फारच विरळ. त्यात आयुर्वेदात विजया वापरण्यापूर्वी तिचं शोधन करतात. चिठ्ठी देणाऱ्या वैद्यांशी मी फोनवर बोलले. त्यांनी फार आपुलकीने सगळं समजावलं: पानं पाण्यात धुवायची, हिरवं पाणी निघायचं थांबेपर्यंत, मग वाळवायची आणि गाईच्या तुपावर मंद आचेवर परतायची. टीएचसी आणि सीबीडी पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे धुण्याने ते फारसे जात नाहीत. उष्णतेने तर पानातल्या आम्लरूपातून खरं टीएचसी तयार होतं आणि तुपात उतरतं. पण मर्सिन, लिमोनीन, पाइनीन हे हलके, उडून जाणारे रेणू. त्यांतले बरेचसे वाळवतानाच आणि उरलेले आचेवर निघून जातात. कॅरियोफिलीन आणि ह्युम्युलीन जड, ते टिकतात. आमची गाठ पडली त्या बाटलीचा वास याला साक्ष होता. झाकण उघडलं तर लिंबाचा किंवा फुलांचा मागमूस नाही. ओल्या गवताचा आणि त्याखाली मिरीसारखा, किंचित जुनाट वास.

मोबाइलमधला तक्ता मी मुलाकडून मागून घेतला. त्यावर बाटलीचा बॅच क्रमांक नव्हता, तपासणीची तारीख नव्हती, प्रयोगशाळेचं नाव नव्हतं. एका परदेशी जातीचं नाव मात्र होतं. “दादा, कंपनीला या बॅच क्रमांकाचा तपासणी अहवाल मागा,” असं मी सांगितलं. दोन दिवसांत तो आला आणि सोबत उत्तर, की वेबसाइटवरचं चित्र सर्वसाधारण माहितीसाठी आहे.

अहवालातले आकडे असे. एका मिलीत टीएचसी १५ मिलिग्रॅम, सीबीडी ४५ मिलिग्रॅम. टर्पीन एकूण ०.३५ टक्के: कॅरियोफिलीन ०.२२, ह्युम्युलीन ०.०७, मर्सिन ०.०३, लिनालूल ०.०२, बाकी किरकोळ. लिमोनीनसमोर ‘आढळले नाही’. बाटलीच्या लेबलवर यातला एकही आकडा नव्हता, नुसतं ‘विजया अर्क ३००० मिलिग्रॅम’. अर्काचं वजन सांगून रुग्णाला काहीच कळत नाही. त्यात टीएचसी किती हे कळलं पाहिजे.

हिशेब

हा हिशेब आम्ही ओपीडीच्या टेबलावर, काकूंच्याच वहीच्या मागच्या पानावर केला. गणित त्यांनीच मांडलं. चाळीस मुलांच्या वर्गाला टक्केवारी शिकवलेली बाई, हात जराही अडला नाही.

दिवसाला एक मिली तेल. म्हणजे मर्सिन ०.३ मिलिग्रॅम. लिनालूल ०.२ मिलिग्रॅम. कॅरियोफिलीन दोन मिलिग्रॅमच्या आसपास. लिमोनीन शून्य. समोर टीएचसी १५ मिलिग्रॅम आणि सीबीडी ४५.

मग मी दुपारच्या डब्याबरोबर आणलेली मिरीपूड आणि शेजारच्या सिस्टरकडचे थोडे धणे टेबलावर ठेवले. मिरीत दोन-तीन टक्के सुगंधी तेल असतं आणि त्यातला दहावा हिस्सा जरी कॅरियोफिलीन धरला, तरी एक ग्रॅम मिरीत काकूंच्या दिवसभराच्या तेलाइतकं कॅरियोफिलीन निघतं. धण्यात तेल अगदी कमी, ०.३ टक्के धरलं आणि त्यात साठ टक्के लिनालूल, तर चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम धण्यात नऊ मिलिग्रॅम. बाटलीतल्या रोजच्या लिनालूलच्या चाळीसपटीहून जास्त. काकूंनी धणे तळहातावर चुरडले, वास घेतला, मग बाटलीचा घेतला. म्हणाल्या, “अगं, मग इतकी वर्षं मी मसाला भाजताना झोपून जायला हवी होते की.”

हा टोला अगदी बरोबर होता. चिमूटभर हिंगाचा वास घरभर सुटतो, म्हणून काही हिंगाने पोट भरत नाही. नाकाला जे पटकन कळतं ते मात्रेत मोठं असेलच असं नाही. धण्यातलं लिनालूल पोटातून यकृतात जाऊन बरंचसं तिथेच मोडतं हेही खरं, पण तेलातल्याचंही तेच होतं.

आंब्याचं काय? मर्सिनमुळे असर वाढतो या समजुतीला माणसांवरचा भरवशाचा पुरावा नाही. शिवाय आपला हापूस त्या तक्त्यातला आंबा नव्हेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या सुगंधाचा बारकाईने अभ्यास केला आहे आणि त्यात सर्वात ठळक निघालं ते ऑसिमीन, मर्सिन नव्हे. असर वाढवला होता तो सूनबाईंच्या तुपाने. सीबीडी स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर ते रक्तात कित्येक पटींनी जास्त उतरतं. सूनबाईंचा चेहरा पडला तेव्हा काकूच म्हणाल्या, “तू मायेने दिलंस गं.” मलाही तेच म्हणायचं होतं.

गुंगीचं कारण यानंतर शोधावं लागलं नाही. विजया कधी न घेतलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला टीएचसी सुरू करायचं तर अडीच मिलिग्रॅमच्या आसपास करतात आणि दिवसांच्या अंतराने वाढवतात. इथे १५ मिलिग्रॅमवर मजल गेली होती, वर प्रीगॅबालिन, जे स्वतःच गुंगी आणि झोक जाणं दोन्ही आणतं. पावलांना फरशी जाणवत नव्हती ती वेगळीच.

मग टर्पीन निरुपयोगी का?

मुलाने हे विचारलं आणि त्याला सरळ ‘हो’ म्हणणं अन्यायाचं झालं असतं. त्यांच्यावर खरं काम चालू आहे.

कॅरियोफिलीन शरीरातल्या सीबी-२ या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या ठरावीक रेणू धरणाऱ्या जागेला, थेट जाऊन चिकटतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं आणि उंदरांत त्याने सूज उतरली. एका मसाल्यातला रेणू टीएचसीच्या ग्राहींपैकी एकीवर काम करतो, आणि तेही नशा न आणता, ही फार मोलाची गोष्ट आहे. लिमोनीनबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २० निरोगी प्रौढांवर प्रयोग प्रसिद्ध केला. वाफेतून ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनीन दिलं तेव्हा टीएचसीने होणारी घबराट कमी झाली, बाकीचे परिणाम तसेच राहिले. इथे मात्रा बघा: पंधरा मिलिग्रॅम, तेही फुप्फुसातून थेट. थेंबभर तेलात, पोटातून, ‘आढळले नाही’ एवढ्या लिमोनीनकडून ती अपेक्षा कशी करायची?

उलट बाजूही आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सहा नेहमीचे टर्पीन पेशींवर तपासले, एकेकटे आणि टीएचसीबरोबर. सीबी-१ आणि सीबी-२ या ग्राहींवर त्यांनी टीएचसीच्या कामात काही फरक पाडला नाही. सगळे घटक मिळून परिणाम वाढतो ही कल्पना मुळात १९९८ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांनी शरीरात तयार होणाऱ्या रेणूंबद्दल मांडली होती. ती वनस्पतीला लावली गेली आणि अमेरिकी संशोधक इथन रुसो यांच्या २०११च्या लेखानंतर टर्पीन हा विषय रुग्णांपर्यंत पोचला. त्या लेखात पुष्कळ ठिकाणी ‘शक्य आहे, तपासायला हवं’ असं आहे. तक्त्यापर्यंत येताना ते शब्द गळून पडले.

आणखी एक. केमोथेरपीने होणाऱ्या मळमळीवर मान्यता मिळालेली ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन, दोन्ही अमेरिकेत १९८५ मध्ये, ही कारखान्यात बनवलेली शुद्ध द्रव्यं आहेत. मुलांच्या गंभीर अपस्मारावर २०१८ मध्ये मान्य झालेलं सीबीडीचं द्रावणही शुद्ध केलेलं. त्यांत झाडाचे टर्पीन नाहीत आणि तरी ती काम करतात. सुगंधी द्रव्यांसह विजया देण्याची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी आहे. जातीफलादी चूर्णात भांगेबरोबर जायफळ, लवंग, वेलदोडा, तमालपत्र, मिरी असतं. पण तिथे ही द्रव्यं भरघोस, वैद्याने मोजून घातलेली असतात.

माझ्या मते रुग्णासाठी टर्पीनचा सर्वात खरा उपयोग आज दुसराच आहे. बाटलीचा वास म्हणजे तिच्या तब्येतीची खूण. हे रेणू हवेने आणि उष्णतेने बदलतात. लिमोनीन आणि लिनालूल हवेत राहून राहून जी द्रव्यं बनवतात त्यांनी कातडीला ॲलर्जी येऊ शकते. कॅरियोफिलीनचंही हळूहळू ऑक्साइड होतं. काकूंची बाटली गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर होती, मे महिन्यात, पारदर्शक ड्रॉपर लावून. तो जुनाट वास तिथून आला असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय केमोनंतर अनेकांची नाकं बदललेली असतात. ज्या वासाने उमासे येतात ते औषध रुग्ण घेणार नाही, आणि जो वास हवासा वाटतो त्याने मनाला बरं वाटतं. ते बरं वाटणं खोटं नाही, त्याला बाटली लागत नाही इतकंच.

आयएनआर

असेनोकुमारॉल यकृतात ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) मोडतं त्याचं नाव सीवायपी २सी९. सीबीडी आणि टीएचसी दोघंही या विकराला अडवतात. मोडणं मंदावलं की तीच गोळी रक्तात जास्त साठते आणि रक्त अधिक पातळ होतं. वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णांत हे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि असेनोकुमारॉलची वाट तीच.

सगळा दोष तेलावर टाकता येईल का? नाही. गुंगीत त्या आठवड्यात काकूंचं जेवण निम्म्यावर आलं होतं, पालेभाजी बंदच. क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व कमी झालं की आयएनआर आपसूक वर जातो. दोन्ही कारणं एकाच वेळी होती. पण वर्षानुवर्षं जागचा न हललेला आकडा तेल सुरू केल्यावर हलला, आणि रसायनशास्त्र त्याच दिशेला बोट दाखवतं. डॉक्टरांनी निर्णयासाठी एवढं पुरेसं मानलं.

तेल बंद केलं. असेनोकुमारॉलचे दोन डोस वगळले. मोठा रक्तस्राव नव्हता, म्हणून के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायची गरज पडली नाही. चार दिवसांनी आयएनआर २.५ आला आणि जुनी मात्रा पुन्हा सुरू झाली. त्यानंतर काही आठवडे तपासणी दर आठवड्याला ठेवली, कारण सीबीडी चरबीत मुरतं आणि शरीरातून सावकाश जातं.

वैद्यांना मी अहवाल पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. “असेनोकुमारॉलचं नाव कानावर पडलं असतं तर मी विजया लिहिलीच नसती,” असं ते म्हणाले आणि माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. ते आता सल्ल्याआधी सगळ्या औषधांच्या पाकिटांचे फोटो मागवतात. आम्हीही आमच्या अर्जावर ‘रक्त पातळ करणारी गोळी’ आणि ‘विजया, भांग किंवा सीबीडी असलेलं काही’ हे दोन प्रश्न वेगळे, ठळक छापून घेतले. ‘इतर औषधे’ या एका रिकाम्या ओळीत ही दोन्ही नावं येत नाहीत, कारण तेलाला लोक औषध मानत नाहीत आणि विजया सांगायला बिचकतात. काकूंचे यजमान तर पहिल्या दिवशी म्हणाले होते की शिवरात्रीला कपालेश्वराच्या पायऱ्यांवर भांग पिणारी माणसं बघितली आहेत, ती गोष्ट आपल्या घरात औषध म्हणून आली हे डॉक्टरांना सांगायचं कसं? या संकोचापायी माणसं पडतात. कोणी रागावणार नाही, हे आम्हीच आधी बोलायला हवं.

नंतर

काकूंना तेल परत हवं होतं. “बाळा, पायांची आग काही त्याने थांबली नाही. पण मला झोप लागत होती गं.” हे ऐकून नुसतं ‘नाही’ म्हणून त्यांना घरी पाठवणं कोणालाच पटेना. कमी मात्रेत, दर आठवड्याला आयएनआर बघत, पुन्हा सुरू करावं का यावर डॉक्टर, हृदयरोगतज्ज्ञ आणि वैद्य यांचं एकत्र बोलणं झालं. असेनोकुमारॉल चालू आहे तोवर नको, असं तिघांचंही मत पडलं, आणि मुलालाही ते पटलं. मिळणारा फायदा झोपेपुरता होता, आणि झोपेसाठी दुसरे मार्ग बाकी होते.

प्रीगॅबालिन रात्री १५० मिलिग्रॅम केलं, मूत्रपिंडाची तपासणी बघून. संध्याकाळी गोळी घेतली की रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला थोडं बसायचं, बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा, घरातही मऊ, मागून बंद असलेली चप्पल. आंघोळीचं पाणी पायाने नव्हे, कोपराने बघायचं. झोपताना तळपायांवर नजर टाकायची, काही टोचलं-भाजलं तर पायांना कळत नाही म्हणून. सकाळी बागेत वीस मिनिटं चालणं, सूनबाई सोबत. जेवणात पालेभाजी रोज साधारण तेवढीच, कमी-जास्त नको.

उशाशी ठेवायला त्यांनी स्वतःच मोसंबीची साल निवडली. केमोच्या काळात फोडणीचा वास सहन होत नसे, तेव्हाही तो एक वास त्यांना चालत असे. मी फक्त एवढंच सांगितलं, की साल रोज ताजी घ्या आणि तिचं तेल कातडीला चोळू नका.

राहिलेली बाटली मुलाने शेजारच्या एका केमो घेणाऱ्या आजोबांना द्यायचं ठरवलं होतं. त्यांच्या पिशवीत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, एवढं सांगितल्यावर त्याने ती वैद्यांकडे परत पाठवली.

शेवटच्या भेटीत वेदना दहापैकी सातवरून पाचवर होती, झोप पहाटे चारपर्यंत सलग, आयएनआर २.३. दंडावरचा डाग पिवळा पडून गेला होता. पायांची आग मात्र आहे, आणि ड्युलॉक्सेटिन अगदी कमी मात्रेत, दर आठवड्याच्या आयएनआरसह द्यायचं की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ पुढच्या इकोनंतर (हृदयाच्या सोनोग्राफीनंतर) ठरवणार आहेत.